जादा अकरा सेकंद

१

केतिल जिवंत होता त्या शेवटच्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. दुपारी बाप-लेकीनं उकडलेला मासा आणि बटाटे एकत्र ठेचून, वर भरपूर मिरी घालून, काळ्या पावाबरोबर खाल्ले. रेडिओवर बोटींसाठी हवामान सांगत होते. केतिलला समुद्रावर जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण हवामान चालू असताना त्याच्या घरात कुणी बोलत नसे.

आल्दिस राजधानीत पियानो जुळवायचं काम करायची. वर्षातून दोनदा ती बापाकडे, तुन्नुविकला येई, नाताळात आणि मे महिन्यात. जूनमध्ये कधीच नाही. निघण्यापूर्वी तिनं सवयीनं आईच्या पियानोचं झाकण उघडलं आणि एक पट्टी दाबली. पियानो अर्धा स्वर उतरलेला होता. कित्येक वर्षं होता.

"पाब्बी, माझी सूर जुळवायची किल्ली गाडीतच आहे. दोन दिवसांत जुळवून देते."

"राहू दे."

"देशभरातल्या पियानोंचे कान पिळत फिरते मी, आणि माझ्याच घरात हा असा. लोक काय म्हणतील?"

"सांग, बाप बहिरा आहे म्हणून."

"बहिरा? तीन घरं सोडून कुणाचा फ्रीज कुरकुरला तरी तुला इथं बसून कळतं."

"मग सांग, बापाला असाच आवडतो. हात लावू नकोस त्याला."

दारात उभं राहून, तिच्याकडे न बघता, गाडीच्या चाकाकडे बघत त्यानं दर वर्षी विचारायचा तो प्रश्न विचारला. "सतराला येतेस?"

"कामं आहेत, पाब्बी."

"असू दे. चाकात हवा कमी आहे बघ."

सतरा जून, राष्ट्रदिन. आल्दिसच्या मनात वीस वर्षं एक वाक्य पडून होतं. त्या दिवशीही ते ओठांपर्यंत आलं आणि तिनं गाडी सुरू केली. ते नाताळात सांगू, असं तिनं वळणावर ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यालचा फोन आला. न्याल म्हणजे नगरभवनाचा रखवालदार आणि केतिलचा शाळेपासूनचा सोबती. केतिल आपल्या कामाच्या खोलीत, बाकावर बसल्या बसल्या गेला होता. शेजारच्या, तारांना डाग द्यायच्या इस्त्रीची पिन त्यानं आधी काढून ठेवली होती.

२

अठरा दिवसांनी, बारा जूनला, राजधानीच्या ध्वनिसंग्रहालयातून ब्रान्दूर नावाचा तरुण आला. प्रजासत्ताकाला ऐंशी वर्षं होत होती आणि संग्रहालयाला तुन्नुविकची टेप हवी होती.

त्या टेपची गोष्ट गावातल्या प्रत्येकाला पाठ होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये, देशात माणूस वसल्याला अकराशे वर्षं झाली तेव्हा, मोठा वाद्यवृंद बोटीनं किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत तुन्नुविकला पोचला. गावात सभागृह नव्हतं. हेरिंग मासे सहा वर्षांपूर्वीच समुद्रातून नाहीसे झाले होते आणि त्यांच्या तेलाची अवाढव्य लोखंडी टाकी रिकामी पडली होती. बायकांनी ती आतून आठवडाभर घासली. मग तळाच्या बुटक्या दारातून, वाकून, आपापली वाद्यं पोटाशी धरून बावन्न माणसं आत गेली आणि त्यांनी राष्ट्रगीत वाजवलं. चोवीस वर्षांच्या केतिलनं ते टेपवर घेतलं. त्यानंतर दर सतरा जूनला चौकात हीच टेप लागे आणि गाव तिच्यावर गाई.

नगरभवनाच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक न्यालकडे, दुसरी केतिलची, ती आता आल्दिसकडे. ब्रान्दूरनं टेप आपल्या यंत्रावर चढवली. अठ्ठावीस वर्षांनी आल्दिस ती ऐकत होती.

सुरुवातीला काहीच नाही, फक्त टाकीचा श्वास. टाकीबाहेर कुठेतरी कुररी पक्षी ओरडतो. मग चेलो इतक्या खालून सुरू होतात की स्वर कानांऐवजी खुर्चीतून वर येतो. हे गीत प्रार्थनेसारखं चालतं, त्याला कूच करायची घाई नाही. पण तळापासून शिखरापर्यंत ते जवळजवळ दोन सप्तकं चढतं. इतकी उंची माणसाच्या गळ्याकडून मागावी हेच एक आश्चर्य. व्हायोलिन पायरी-पायरीनं वर जातात, नगारे दूरच्या हिमकड्यासारखे गडगडतात, आणि शिखरावरच्या त्या एका स्वराला सगळी टाकीच घंटेसारखी वाजू लागते. वाद्यं थांबल्यावरही ती वाजत राहते. न्यालनं टोपी काढली होती. या टेपपुढे तो नेहमीच काढायचा.

आल्दिसचे डोळे भरले आणि त्याच क्षणी तिच्या कानांनी तिला काहीतरी सांगितलं. तिनं ब्रान्दूरकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता.

"ही ती टेप नाही," तो म्हणाला.

३

"वाद्यवृंदाची वही माझ्याकडे आहे," ब्रान्दूर म्हणाला. "तीन मिनिटं दोन सेकंद. ही तीन मिनिटं तेरा सेकंद चालते. अकरा सेकंद जादा. शिवाय पट्टी अर्धा स्वर खाली. आणि ही फीत चौऱ्याहत्तरची नाही, नव्वदीतली आहे."

"बदलली कुणी?" न्याल गुरगुरला. "मी?"

"मी तसं म्हटलं नाही. पण अहवालात मला लिहावं लागेल. मूळ टेप गहाळ, ताबा केतिलकडे होता."

"अरे, चार आठवडे नाही झाले त्याला पुरून!"

"म्हणून तर मला लिहायचं नाहीये," ब्रान्दूर हळू आवाजात म्हणाला. "सतराच्या संध्याकाळी मी निघणार. तोपर्यंत काही सापडलं तर बघा."

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून लोकांनी केतिलनं टेप कुणा परदेशी शौकिनाला दिली असेल याचे तर्क केले. आल्दिस कुंडात उतरली तशी चर्चा एकदम माशांच्या भावावर गेली.

बाप आयुष्यभर गावाचे भोंगे, दिवे आणि रेडिओ दुरुस्त करत जगला. त्याच्या नावापुढे 'ताबा' हा शब्द तसाच राहावा, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

सकाळी ती ब्रान्दूरला घेऊन टाकीत गेली. बुटक्या दारातून आत शिरल्यावर दोघंही आपोआप कुजबुजू लागली आणि त्यांची कुजबुज वर जाऊन, गोल फिरून, मोठी होऊन परत आली.

"बापरे," ब्रान्दूर म्हणाला. टाकीनं ते चार वेळा म्हटलं.

"घड्याळ बघ." आल्दिसनं एकदाच टाळी वाजवली. लोखंडानं ती उचलली, उंच नेली, कडेकडेनं फिरवली. दोघं श्वास रोखून उभी राहिली.

"नऊ सेकंद," तो म्हणाला.

"आणि टेपवर शेवटच्या स्वरानंतर? मी काल मोजलं. साडेनऊ. वादकांनी मुद्दाम खालच्या पट्टीत वाजवलं असतं, तर गाणं उतरलं असतं, टाकी कशी उतरेल? तिचा नाद नऊच सेकंद राहिला असता. आणि ती कुररी आठव. ती गायीसारखी ओरडते टेपवर."

ब्रान्दूरचे डोळे विस्फारले. "म्हणजे वादन तेच आहे."

"तेच. फक्त कुणीतरी ते संथ केलंय. नेमकं अर्ध्या स्वरानं."

"पण असं कोण करेल? कशासाठी?"

आल्दिसला एकच नाव सुचलं. त्या नावाला कारणही भक्कम होतं.

४

ओद्नी ब्याऐंशी वर्षांची होती आणि गावाचं गायनमंडळ तिनं पन्नास वर्षं मुठीत ठेवलं होतं. तुन्नुविकची एक ख्याती होती. देशात सगळीकडे लोक राष्ट्रगीताच्या शिखराशी येऊन खोकतात, झेंड्याकडे बघतात, पोराचं नाक पुसतात. तुन्नुविकमध्ये अख्खा चौक तो स्वर गातो. राजधानीची वर्तमानपत्रं त्यावर दोनदा लिहून गेली होती आणि दोन्ही कात्रणं ओद्नीच्या भिंतीवर होती.

"कॉफी घे आणि मग आरोप कर," तिनं दार उघडताच सांगितलं. "उभ्यानं आरोप करू नये."

आल्दिसनं तिला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. ओद्नीचा कप हवेतच राहिला.

"अर्धा स्वर?"

"अर्धा."

"म्हणजे इतकी वर्षं मी... आम्ही..." तिनं भिंतीवरच्या कात्रणांकडे पाहिलं. "अगं, मी राजधानीच्या त्या मंडळवाल्यांना तोंडावर सांगितलंय, तुमच्या गळ्यात बटाटे अडकलेत म्हणून! व्यासपीठावरून!"

तिचा चेहरा इतका उतरला की आल्दिसचा संशय तिथंच गळून पडला. हे नाटक करायला ओद्नीला गायनाहून मोठी कला यावी लागली असती.

"कधीपासून जमायला लागलं गावाला? नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? सत्त्याण्णव. पहिल्यांदा सगळे पोचले आणि मी रडले होते. मला वाटलं माझी शिकवण फळली." ती थांबली. पुढे काय बोलायचं हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी ओद्नीच बोलली, आवाज खाली आणून. "त्याच्या आदल्या वर्षीचं तुझं."

आल्दिसनं कप खाली ठेवला.

शहाण्णवच्या सतरा जूनला ती पंधरा वर्षांची होती. तिला टेपबरोबर एकटीनं गायचं होतं. तीन महिने तिनं आईच्या पियानोवर सराव केला होता, आणि रोज, न चुकता, शिखर गाठलं होतं. चौकात मात्र, साऱ्या गावासमोर, त्या स्वराशी तिचा गळा फाटला. हसलं कुणीच नाही, तेच जास्त वाईट होतं. तिनं यंत्राशी उभ्या असलेल्या बापाकडे बोट दाखवलं आणि ती किंचाळली, "तू टेप जास्त वेगानं सोडलीस! तू वाट लावलीस!" केतिलनं माइक हातात घेऊन गावाची माफी मागितली. दोष यंत्राचा, म्हणजे माझा, असं तो म्हणाला.

त्यानंतर ती कधी गायली नाही.

"तुझ्या बापानं त्यानंतर मला एकच गोष्ट विचारली होती," ओद्नी म्हणाली. "सरावाला ती आमच्या घरचा पियानो सोडून दुसरा कुठला वापरायची का, म्हणून. मी म्हटलं, नाही. मला वाटलं, बिचारा उगाच काहीतरी विचारतोय."

५

न्याल केतिलच्या कामाच्या खोलीचं कुलूप उघडत होता.

"माझ्यावर संशय आहे का तुझा? खरं सांग."

"काल अर्धा तास होता."

"अर्धाच? मी एवढा सज्जन दिसतो?"

खोलीत डिंकाचा आणि जुन्या धुळीचा वास होता. फळीवर केतिलचं जुनं मोठं टेपयंत्र कापडाखाली झाकलेलं होतं. आल्दिसनं कापड काढलं. फीत ज्या पोलादी दांड्याला घासून पुढे सरकते, तो दांडा आरशासारखा हवा. हा मधोमध मंद, राखाडी होता. तिनं नख फिरवलं. नखाला बारीकशी कड लागली.

"घासलाय," ती म्हणाली. "बारीक केला की फीत सावकाश ओढली जाते. त्यानं मूळ टेप याच्यावर संथ चालवली आणि दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतली."

न्याल मान खाली घालून बसला. "शाळेचं यंत्र मीच आणून दिलं होतं त्याला. शहाण्णवच्या हिवाळ्यात. कशाला, ते विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही. आमचं असंच होतं."

"तू बघितलंस त्याला घासताना?"

"सत्त्याण्णवचा सबंध जानेवारी! एवढंसं घासायचा, टेप लावायचा, दोन क्षण ऐकायचा आणि उठून घरात जायचा. परत यायचा, पुन्हा घासायचा. मी म्हटलं, अरे, थंडीनं मूत्राशय गेलं का तुझं? तर म्हणे, मोजमाप आत आहे."

आल्दिस जागच्या जागी थांबली. "आत आहे?"

"तसंच म्हणाला. आणि अजून एक सांगायचंय. तेव्हापासून दर सतराला तो चौकात एक माइक जास्तीचा उभा करायचा. अगदी पुढे. कुणीच तिथं उभं राहायचं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, लागेल."

घरात मोजमाप कसलं? केतिलच्या सगळ्या पट्ट्या, मापं, कंपास याच खोलीत खिळ्यांवर टांगलेले होते. तिनं खिडकीतून घराकडे पाहिलं आणि ती ब्रान्दूरला बोलवायला निघाली.

६

ब्रान्दूरनं आपलं यंत्र बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. न्याल दाराशी टोपी काढून उभा राहिला.

"शेवटच्या स्वराला थांबू नकोस, चालू दे," आल्दिस म्हणाली आणि आईच्या पियानोसमोर बसली.

पियानो जुळवणारी माणसं स्वर ऐकत नाहीत, दोन स्वरांमधली थरथर ऐकतात. दोन सूर जवळ असूनही एक नसले, तर त्यांच्यामध्ये नाडीसारखे ठोके पडतात. सूर जुळत आले की ठोके संथ होतात. एक झाले की थांबतात. आल्दिसनं आयुष्यातली वीस वर्षं हे ठोके मोजत काढली होती.

बावन्न वाद्यं शिखराकडे निघाली. तिनं बोटं पट्ट्यांवर ठेवली, नेमकी पंधराव्या वर्षी ठेवायची तिथं, आणि त्या एका स्वराला दाबली.

ठोका पडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा, इतका सावकाश की जणू झोपलेल्या माणसाचा श्वास. अठ्ठावीस हिवाळ्यांत पियानो खाली सरकला होता तो फक्त एवढा, केसभर. ही खोली बाप कधी गार पडू देत नसे, हे तिला आता आठवलं.

बापानं देशाच्या गीताला, बावन्न वादकांना, लोखंडाच्या त्या अख्ख्या टाकीला आणि तिच्या माथ्यावर ओरडणाऱ्या पक्ष्याला अर्धा स्वर खाली उतरवलं होतं. ज्या पियानोवर त्याची मुलगी शिकली होती, त्याच्याशी जुळेपर्यंत. एका पोलादी दांड्यानं, महिनाभर घासून, काहीही न बोलता.

"आणि मूळ?" ब्रान्दूरनं दबक्या आवाजात विचारलं.

"हात लावू नकोस, म्हणायचा," आल्दिस म्हणाली. "मी पियानो उघडणारी बाई. माझ्यापासून लपवायला यापेक्षा धोक्याची जागा नाही, आणि त्यानं तीच निवडली. मी त्याचं ऐकेन याची त्याला खात्री होती."

तिनं गुडघे टेकून पायपट्ट्यांवरची खालची फळी काढली. आत, कोरड्या अंधारात, मेणकापडात गुंडाळलेला चपटा डबा उभा होता. ब्रान्दूरनं तो उघडला, तपकिरी फितीला नुसता स्पर्श केला आणि मान डोलावली.

झाकणाच्या आत केतिलच्या सरळ अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलं होतं: मूळ. १९७४. हिच्यात दोष नाही.

आल्दिस ते वाचत राहिली. म्हणजे त्याला माहीत होतं. ज्या हिवाळ्यात तो घासत बसला, त्याच हिवाळ्यात त्याला कळलं होतं की टेप बरोबर होती आणि पियानो उतरलेला. तिला ते कळलं ते धंदा शिकताना, पहिल्याच वर्षी. जुना पियानो हळूहळू खाली बसतो, असं गुरूनं सांगितलं तेव्हा ती बाहेर जाऊन बर्फात उभी राहिली होती. तेव्हापासून ते वाक्य तिच्याजवळ होतं.

"मी अहवालात काय लिहू?" ब्रान्दूरनं विचारलं.

"सतराला चौकात ये," ती म्हणाली. "तिथं सांगते."

७

सतराला ऊन होतं आणि वारा होता. झेंडे ताठ उभे होते, पोरांच्या हातातल्या साखरेच्या कांड्या वितळण्याऐवजी गारठत होत्या. अख्खं गाव चौकात जमलं होतं. कुंडातले तर्कवालेही होते. ओद्नी गायनमंडळापुढे काठी टेकून, मान ताठ ठेवून उभी होती. आपण अर्धा स्वर खाली गातो हे तिनं मंडळाला आदल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि मंडळ अजून तिच्याशी धड बोलत नव्हतं.

टेबलावर दोन डबे होते, एक तपकिरी फितीचा, एक काळ्या. न्यालनं विचारलं, "कुठली लावू?"

"थांब जरा."

सगळ्यांच्या पुढे तो जास्तीचा माइक उभा होता. न्यालनं तो कुणी न सांगता आणून ठेवला होता, केतिल ठेवायचा तसाच. आल्दिस त्याच्यापाशी गेली. तो तिच्या हनुवटीच्याही खाली येत होता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या उंचीला लावलेला होता. तिनं तो वर केला नाही. ती वाकली.

भोंग्यांमधून तिचा श्वास घरांवर, बंदरावर, पार टाकीपर्यंत गेला.

"शहाण्णव साली इथं उभं राहून मी माझ्या वडिलांना बोलले होते," ती म्हणाली. "तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि मग माझ्यासाठी हे सगळं गीत खाली उतरवून ठेवलं. मी परत येऊन गाईन म्हणून. तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्या पट्टीत गाताय."

गर्दीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. ओद्नीनं काठीवरचा हात डोळ्यांशी नेला.

आल्दिसनं यंत्राकडे पाहिलं. त्यामागे बाप उभा राहायचा ती जागा न्यालनं मोकळी ठेवली होती. तिनं आता गावाशी बोलणं सोडलं. आवाज कापत होता, पण फाटला नाही.

"पाब्बी, टेप बरोबर होती. चूक माझी होती. मला वीस वर्षं माहीत होतं."